शेवटचं प्रकरण आधी उघडायचं

बीएच्या शेवटच्या वर्षी पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत पाण्याच्या सर्वेक्षणासाठी फिरत होते. फॉर्म भरून झाल्यावर एका मावशींनी विचारलं, "हे कुणाला देणार गं?" मला सांगता आलं नाही. समाजशास्त्रात एमए करायचं पक्कं होतं, पण आता असा अभ्यासक्रम हवा होता जिथे हा प्रश्न कुणीतरी विचारतं.

माहितीपत्रकांवरून काही कळेना. 'धोरण' हा शब्द सगळ्यांकडे असतो. एका संस्थेत तर तो अभ्यासक्रमाच्या नावातच होता. पण तिथे दोन वर्षांत संख्याशास्त्राचा एकही सक्तीचा पेपर नव्हता.

मग एका ताईने सांगितलं, ग्रंथालयात जा आणि जुने प्रबंध काढ. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, वर धूळ. मी थेट शेवटचं प्रकरण उघडायचे, 'सूचना आणि शिफारशी'. बहुतेकांत अर्धं पान: शासनाने लक्ष द्यावे, जनजागृती व्हावी. एका विभागात मात्र कचरावेचक बायकांवरचा प्रबंध हाती लागला. त्यात ओळखपत्र कुठल्या टेबलावर अडतं, कुठला कागद मागतात, तो नियम कसा बदलावा, हे सात पानं लिहिलं होतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३पासून आहे, तिच्या कामाचा उल्लेख पानोपानी. तिथेच उभ्या उभ्या सगळं वाचलं.

बाबांना टिसचं, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, तुळजापूरचं केंद्र हवं होतं. पण त्याचा भर ग्रामीण विकासावर, आणि माझा प्रश्न शहराचा. एमएसडब्ल्यूचाही, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचाही, विचार केला. क्षेत्रकार्य भरपूर, पण मला माणसापाशी थांबून मदत करण्यापेक्षा नियम कसा बनतो ते शिकायचं होतं. दोन्ही कामं तितकीच मोलाची आहेत, फक्त वेगळी.

शेवटी तो प्रबंध जिथे झाला तिथेच प्रवेश घेतला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता एमएच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण, असतं. प्रवेशाआधीच मॅडमना विचारलं होतं, ते कुठे करता येतं, आणि त्या अहवालाचं पुढे काय होतं. त्यांनी कपाटातून फाइल काढली. वर वॉर्ड ऑफिसचा आवक शिक्का होता.