तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टग्रेस डेटाबेसवर चालू असलेली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मारायची, म्हणजे मध्येच बंद करायची, की थांबायचं?

रात्री फोन येतो, "रिपोर्ट दोन तास झाले फिरतोय. मारू का थांबू?" आधी मी एवढंच सांगते, पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडा, म्हणजे डेटाबेसवर आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी. क्वेरी लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्या कुणी अडवून ठेवलेला डेटा मोकळा होण्यासाठी, ताटकळली असेल तर दोष तिचा नाही, लॉक धरून बसलेलं सेशन (डेटाबेसशी जोडणी) शोधा. ती खरंच राबत असेल, तर बहुतेक वेळा किती ओळी येतील हा पोस्टग्रेसचा अंदाज चुकलेला असतो, आणि त्यावरून आखलेला प्लॅन, म्हणजे काम करायची पद्धत, फसतो.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. कोटभर ओळींचं टेबल, त्यात पुणे जिल्ह्याच्या दहा लाख, हवेली तालुक्याच्या दोन लाख. अट होती, जिल्हा पुणे आणि तालुका हवेली. हवेली पुण्यातच आहे हे तुम्हाआम्हाला ठाऊक, पोस्टग्रेसला नाही. त्याने 10 टक्के गुणिले 2 टक्के केलं आणि वीस हजार ओळी धरल्या. वीस हजारांना नेस्टेड लूप परवडला असता: एकेक ओळ घ्यायची, दुसऱ्या टेबलाच्या इंडेक्समध्ये जाऊन जोडी शोधायची. आल्या दोन लाख. म्हणजे दहापट फेऱ्या, आणि पुढे जोडलेल्या प्रत्येक टेबलात पुन्हा तेच.

पोस्टग्रेस एकदा निघालं की प्लॅन बदलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 12सी आवृत्तीपासून, म्हणजे 2013 पासून, पहिल्यांदा चालताना ओळी मोजल्या जातात; ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या की तिथल्या तिथे नेस्टेड लूप सोडून हॅश जॉइन (एका टेबलाची मेमरीत यादी करून दुसरं टेबल एकाच फेरीत जुळवणं) धरला जातो. स्पार्क, म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक शफलनंतर (मशीनमधल्या डेटाच्या फेरवाटणीनंतर) थांबून आलेल्या डेटाचा खरा आकार बघतो आणि पुढचा प्लॅन नव्याने आखतो, 3.2 पासून, 2021 पासून, हे आपोआप सुरू असतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे.

पोस्टग्रेसवर मात्र हे काम आपलं. नुसतं सिलेक्ट, म्हणजे फक्त डेटा वाचणारी क्वेरी, असेल तर बिनधास्त मारा. मग एक्स्प्लेन करा, म्हणजे क्वेरी न चालवता पोस्टग्रेसचा प्लॅन बघा, त्यातल्या अंदाजाच्या ओळी आणि काउंट करून आलेला खरा आकडा शेजारी ठेवा. तफावत मोठी असेल तर क्रिएट स्टॅटिस्टिक्सने जिल्हा आणि तालुका एकमेकांवर अवलंबून आहेत हे सांगा (आवृत्ती 10 पासून ही सोय आहे) आणि टेबलाची आकडेवारी नव्याने गोळा करणारं ॲनालाइझ चालवा. हे दुसरं लोक विसरतात, आणि त्याशिवाय पहिल्याचा काही उपयोग नाही.

त्या रात्री तसंच केलं. पुन्हा एक्स्प्लेन केलं तेव्हा अंदाज दोन लाखांच्या आसपास होता आणि नेस्टेड लूपच्या जागी हॅश जॉइन आला होता.