तुम्ही विचारलंत म्हणून: वेलन जेनिंग्ज कुठून ऐकायला घ्यावा?

कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेलं गिटारवरचं गाणं, ऐकतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे जॉन डेन्व्हर का?" त्याला हो म्हणून टाकलं की थोड्या वेळानं खरा प्रश्न येतो: "तुम्ही सारखं त्या वेलन जेनिंग्जचं नाव घेता. त्याचं एकच काही ऐकायचं तर काय ऐकू?" वेलन हा कंट्रीतला नावाजलेला अमेरिकन गायक, आणि माझं उत्तर जाणकारांना पटत नाही. सत्तरच्या दशकातल्या त्याच्या गाजलेल्या रेकॉर्ड्स सोडून मी 'नेव्हर से डाय' सांगतो. जानेवारी २००० मध्ये कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये केलेलं हे लाइव्ह रेकॉर्डिंग. वेलन तेव्हा ६२ वर्षांचा होता, मधुमेहानं पुरता पोखरलेला. १९८८ मध्ये हृदयाची बायपास होऊन गेलेली, पायांनी साथ सोडत आणलेली. ही मैफल तो खुर्चीत बसून गायला.

बसून गाण्यात काय एवढं, असं आपल्याला वाटणारच. आपला गवई मांडी ठोकून बसतो तेव्हाच मैफल सुरू होते. पण कंट्रीतला गायक गळ्यात गिटार अडकवून उभा राहतो, आणि त्या उभं राहण्यातच निम्मा रुबाब असतो. वेलनचा तर जरा जास्तच. काळी हॅट, कातडं चढवलेली टेलिकॅस्टर गिटार, कुणाच्या बापाला न भिणारा चेहरा. तो माणूस आता खुर्चीत बसलाय आणि त्यावरून स्वतःच लोकांशी थट्टा करतोय. रुबाबाचा भाग वजा झाला की मागे काय उरतं, हे कळायला याच्याइतकी चांगली जागा नाही. उरतो तो खर्जातला आवाज, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लय.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. साठच्या दशकात नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड करायची पद्धत ठरून गेलेली होती. कंपनीचा निर्माता गाणी निवडणार, स्टुडिओतले मोजके पट्टीचे वादक सगळ्यांच्याच रेकॉर्ड्सवर वाजवणार, वर व्हायोलिनं आणि कोरस. गायकाबरोबर वर्षभर गावोगाव फिरणारे त्याचे वादक स्टुडिओच्या बाहेर. वेलनचं भांडण होतं ते याच्याशी. १९७२ मध्ये त्यानं आरसीए या रेकॉर्ड कंपनीशी नवा करार करून स्वतःच्या रेकॉर्डिंगचा ताबा मिळवला. पुढे त्याला आणि त्याच्यासारख्या बंडखोर गायकांना 'आउटलॉ', म्हणजे कायदा झुगारणारे, असं नाव पडलं. १९७६ चा त्या नावाचा एकत्रित अल्बम दहा लाखांवर खपला. कंट्रीतला पहिला प्लॅटिनम अल्बम तो. दाढ्या, हॅटी, दारू, कोकेन हे सगळं जाहिरातीत छान दिसलं. पण मुळात मागणी साधी होती: माझा ड्रमर माझ्या रेकॉर्डवर वाजवेल.

आता हे डोक्यात ठेवून रायमनचं रेकॉर्डिंग ऐका. मागे ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांसकट भलामोठा ताफा आहे, एकेक माणूस वेलननं हौसेनं गोळा केलेला. ड्रमवर रिची अल्ब्राइट, त्याचा कितीतरी वर्षांचा सोबती. बेस आणि ड्रमचा तो धपधपता ठेका सुरू झाला की वेलन त्याच्या किंचित मागे रेलून शब्द टाकतो. तरुणपणी तो ठेक्याला ढकलायचा. इथे ढकलत नाही, दम तेवढा उरलेलाही नाही; पण ओळ कुठे सोडायची हे त्याला नेमकं माहीत आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांची उतारवयातली रेकॉर्डिंगं ज्यांनी जीव लावून ऐकली आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

'अमांडा' ऐका. आरशात पाहून स्वतःच्या डोळ्यांतलं वय बघून चकित झालेल्या माणसाचं ते गाणं. पण गाण्यातला माणूस काही म्हातारा नाही! तरुण गायकाच्या तोंडी ते गोड वाटतं. बासष्टीत वेलन ते अजिबात न रडता, जवळजवळ कोरडेपणानं गातो, आणि मला तेच पटतं.

मग 'सस्पिशस माइंड्स'. हे एल्व्हिस प्रेस्लीनं १९६९ मध्ये मेम्फिसला रेकॉर्ड केलं, तेव्हा गिटारवर होता रेजी यंग. तोच रेजी यंग रायमनमध्ये वेलनच्या ताफ्यात आहे. बरोबर गायला जेसी कोल्टर, वेलनची बायको. दोघांनी हे गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते १९७० मध्ये, लग्न नवं असताना. संशयानं घेरलेल्या जोडप्याचं गाणं तीस वर्षं एकत्र काढलेलं जोडपं गातंय, तेही मधल्या काळात वेलनच्या व्यसनानं घराची वाताहत व्हायची वेळ आलेली असताना. गाण्यात भांडण आहे, आवाजात नाही.

"मग १९७६ चं 'वेलन लाइव्ह' का नाही?" हा पुढचा प्रश्न. टेक्सासमधल्या १९७४ च्या मैफलींचं ते रेकॉर्डिंग जबरदस्त आहे, वादच नाही. पण त्या काळाचं लाइव्ह म्हणजे किती लाइव्ह, याचा एक किस्सा. 'गुड हार्टेड वुमन' हे वेलन आणि त्याचा आउटलॉ दोस्त विली नेल्सनचं युगुलगीत १९७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. प्रेक्षक ओरडतायत, दोघे दोस्त मंचावर धमाल करतायत असं वाटतं. प्रत्यक्षात मैफल एकट्या वेलनची. विलीचा आवाज नंतर स्टुडिओत चढवलेला. हे वेलननंच हसत सांगून टाकलेलं आहे.

रायमनमध्ये सगळंच उत्तम आहे असं नाही. ट्रॅव्हिस ट्रिटसारखे पुढच्या पिढीतले कंट्री गायक पाहुणे म्हणून येतात, सत्काराचा माहोल तयार होतो, आणि जिथे वेलन दोन शब्दांत काम भागवतो तिथे पाहुणे घसा ताणतात. ब्रासही कधीकधी जास्त होतं. २००७ मध्ये जास्तीच्या गाण्यांसह आणि चित्रफितीसह नवी आवृत्ती निघाली, तिच्यावर 'फायनल कॉन्सर्ट' असा शिक्का मारून. डिसेंबर २००१ मध्ये वेलनचा पाय कापावा लागला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तो गेला, हे खरं. पण म्हणून रेकॉर्डिंगभर निरोपाचा सूर शोधत बसू नका. तो तिथे नाही. रॉक अँड रोल गायक बडी हॉली ज्यात गेला त्या १९५९ च्या विमानातली जागा वेलननं दुसऱ्याला दिली आणि विमान पडलं, हा किस्साही सगळे सांगतात. गाणं ऐकायला त्याची गरज नाही.

तर आधी २००० चीच, लहान आवृत्ती घ्या. आवडली तर टेक्सासकडे जा, आणि मग सत्तरच्या स्टुडिओ रेकॉर्ड्सकडे. नाही आवडली तर वेलनचा नाद सोडा आणि 'अमांडा' डॉन विल्यम्स या दुसऱ्या कंट्री गायकाच्या आवाजात ऐका. त्यानं ते वेलनच्या आधी गायलंय, आणि काही लोकांच्या मते जास्त चांगलं.