आरामखुर्चीवरची पांढरी झाक गेली!

गेली एकदाची! लांब हातांच्या आरामखुर्चीवरची ती पांढरट झाक गेली. खुर्ची खिडकीशी ओढून तिरप्या उजेडात पाहिली, तरी आता सागाच्या रेषा तळापर्यंत स्वच्छ दिसतात.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा सांधे झाले होते. जुना सरस गरम ओल्या फडक्याने सैल केला आणि पुन्हा सरसच लावला. जुन्या सरसावर फेव्हिकॉल नीट धरत नाही, हे माझं मत अजून पक्कं आहे. वेताची बैठकही झाली. सहा पदरी जाळी आहे, आणि ती भर पावसाळ्यात विणल्याचा फायदाच झाला. भिजवलेला वेत या हवेत हातात पटकन सुकत नाही, त्यामुळे तुटत नाही. नंतर सुकला की असा आवळतो की टिचकी मारली तर टणकन वाजतो. कोणाची जुनी बैठक झोळ खात असेल तर विणकर शोधण्याआधी खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवून रात्रभर सुकू द्या. वेत तुटलेला नसेल तर बरीचशी ताणली जाते.

आता मूळ दुखणं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचे पहिले थर सुरेख बसले. पुढचा थर दिला आणि डोळ्यांदेखत खुर्चीच्या दोन्ही हातांवर दुधट धुकं आलं. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लाखेच्या पापुद्र्यात अडकते, हे माहीत होतं. म्हणून बंद खोलीत एसी ‘ड्राय’वर लावला. आर्द्रता ८८ टक्क्यांवरून ६० पर्यंत उतरली. झाक कमी झाली, पण गेली नाही.

मग मेणावर संशय घेतला. साध्या चपडीत (म्हणजे लाखेच्या पापड्यांत) तीन ते पाच टक्के मेण असतं आणि त्याने द्रावण गढूळ होतं. बाटली हलवायची नाही असं ठरवून ती तशीच ठेवली, गाळ खाली बसल्यावर वरचं नितळ द्रावण काढून घेतलं. तरीही पांढरं! लाखच जुनी असेल का? काचेच्या तुकड्यावर एक थर दिला. सकाळी तो कडक वाळलेला होता, नख रुतलं नाही. म्हणजे लाख निर्दोष.

उरलं स्पिरिट. ते हार्डवेअरच्या दुकानातून सुटं आणलेलं. तिथे कॅनचं झाकण दिवसभर उघडं असतं आणि स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं. खात्री करायला मोरचूद (कॉपर सल्फेट) एका भंगारातल्या लोखंडी वाटीत तापवलं. (विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको, आणि स्पिरिट जवळ आणायचं ते विस्तव विझवून सगळं गार झाल्यावर.) पाणी निघून गेलं की निळे खडे पांढरी भुकटी होतात, आणि पाणी लागलं की ती पुन्हा निळी होते. त्या भुकटीवर सुट्या स्पिरिटचे थेंब टाकले आणि ती लगेच गडद निळी झाली. सीलबंद बाटलीतल्या स्पिरिटने जेमतेम फिकी निळी झाक आली. गुन्हेगार सापडला!

उत्तर मिळालं पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. सर्किट बोर्ड पुसायला वापरतात ते ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यात पाणी नावापुरतं, आणि ते स्पिरिटपेक्षा सावकाश उडतं, म्हणून पृष्ठभाग तितका गार पडत नाही. लाख विरघळायला मात्र वेळ लागतो. मी चपडी बारीक कुटून लिटरला १५० ग्रॅम या प्रमाणात घातली आणि अधूनमधून बाटली हलवत राहिलो. एसी तसाच चालू. वाफा पेट घेतात, तेव्हा त्या खोलीत दिवा-उदबत्ती काहीही नको, आणि मधे मधे दार उघडायचं.

मलमलीतला बोळा जेमतेम ओलसर केला, त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब दिला आणि डाव्या हातावर लांब, हलके फटके मारले. बोळ्यामागे धुकं विरत गेलं. पूर्वी ते मिनिटभरात परत यायचं, म्हणून तिथेच उभा राहिलो. नाही आलं!

हे लिहितानाच बेत बदलतोय. हातांखालून बाहेर फिरणाऱ्या पायपट्ट्यांना टाचा घासतात म्हणून पीयू (पॉलियुरेथेनचं टणक पॉलिश) मारणार होतो. पण पीयूचा प्लास्टिकसारखा चकचकाट या खुर्चीवर मला बघवणार नाही. तिथेही लाखच, वरून मधमाश्यांचं मेण. झिजलं तर पुन्हा एक थर देता येतो, पीयू मात्र खरवडूनच काढावा लागतो. आणि खुर्ची गॅलरीत जाणार नाही. लाखेला पाण्याचे शिंतोडे चालत नाहीत. ती हॉलमध्ये, रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफखाली (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्राखाली). त्या भिंतीला ओल आहे का ते आधी पाहायला हवं, कारण चित्राच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात कागद किंचित फुगल्यासारखा वाटतोय. पायपट्ट्यांआधी आता चौकटच उघडतो.