आमची वाटचाल: काचेच्या पाटीपासून आरसी कारच्या बॉडीपर्यंत

आमचे अण्णा सांगलीत पाट्या रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागची अक्षरं, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांवरची नावं. पण त्यांचा हात खरा बसला होता तो काचेच्या पाटीवर. डॉक्टर-वकिलांच्या दारावरची ती पाटी मागच्या बाजूने रंगवतात. अक्षर उलटं काढायचं. आधी अक्षर, मग त्याची सावली आणि जमिनीचा, म्हणजे अक्षरांमागचा, रंग सगळ्यात शेवटी. शाळेतून आलो की मी त्यांच्या शेजारी बसून उलटा 'क' गिरवायचो.

फ्लेक्स आला आणि हे काम बसलं. मी कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या कामाला लागलो. २०१४ साली साठवलेल्या पैशांतून एअरब्रश (हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारं पेन) आणि त्याला हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला, सुट्टीच्या दिवशी हेल्मेटवर, बुलेटच्या टाक्यांवर चित्रं काढू लागलो. पुढच्या वर्षी एक गिऱ्हाईक रिमोटच्या गाडीची, म्हणजे आरसी कारची, पारदर्शक बॉडी घेऊन आलं. गाडी १:१० मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. "ही आतून रंगवायची," म्हणाले. बॉडी हातात घेतली आणि अण्णांची काचच समोर उभी राहिली.

काच वेगळी आणि या बॉडीचं पारदर्शक प्लॅस्टिक, पॉलिकार्बोनेट, वेगळं, हे मात्र त्याच बॉडीने शिकवलं. मी गाड्यांचा नेहमीचा रंग थिनर घालून मारला. दिसायला झकास झाली. आठवड्यात परत आली. गाडी उडी मारून आपटते तेव्हा बॉडी दबते आणि पुन्हा सरळ होते. रंग तिच्याबरोबर वाकला नव्हता, नुसत्या खपल्या निघाल्या होत्या. चाकांच्या कमानींपाशी थिनरने बारीक तडे पाडले होते. मी पदरच्या पैशाने नवी बॉडी मागवून दिली. तेव्हापासून आमच्याकडे फक्त पॉलिकार्बोनेटसाठीचा लवचिक रंगच वापरतो. स्प्रेचे डबे घेणाऱ्यांनाही आम्ही हेच सांगतो: टामिया या जपानी कंपनीच्या डब्यावर 'पीएस' असेल तर तो या बॉडीचा, 'टीएस' असेल तर कडक प्लॅस्टिकचा.

काम कसं चालतं ते सांगायला मला मनापासून आवडतं. बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुतो, कारण साच्यातून आलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. काचांच्या जागा आतून झाकतो. मग लिक्विड मास्कचे, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या पातळ द्रवाचे, तीन-चार हात देऊन रात्रभर वाळवतो. बाहेरच्या संरक्षक फिल्मवर मार्करने नक्षी काढलेली असते, ती आरपार दिसते. त्या रेघेवरून आतला मास्क कापायचा. इथे हात हलका हवा. पातं प्लॅस्टिकमध्ये उतरलं की पहिल्या धडकेत बॉडी तिथूनच फाटते. मग एकेक तुकडा सोलत रंग मारायचा, गडद आधी, फिका नंतर. पिवळ्याच्या मागे थेट काळा गेला तर पुढून पिवळा मळका दिसतो, म्हणून मध्ये पांढरा देतो. कँडी म्हणजे आरपार दिसणाऱ्या चकचकीत रंगामागे चंदेरी. कोट पातळ, प्रत्येक कोट वाळवून. घाई केली की रंग मास्कच्या कडेखाली शिरतो. पहिला मारलेला रंगच लोकांना दिसतो, त्यावर दुसरा हात मारून चूक झाकता येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं दुकान गावभागात, तळमजल्यावर. कॉम्प्रेसर गेला, रंग गेले. गिऱ्हाइकांच्या तयार बॉड्या चिखलात सापडल्या. सौभाग्यवतींनी आणि मी त्या अंगणात बसून एकेक धुतल्या. रंग जागचा हलला नव्हता. त्या दिवशी धीर आला तो त्या बॉड्यांमुळेच. आता आम्ही विश्रामबागला पहिल्या मजल्यावर आहोत. पावसाळ्यात हवेतला ओलावा कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी होऊन उतरतो आणि नोझलमधून थेंब उडतो; म्हणून हवेच्या वाटेवर पाणी अडवणारा ट्रॅप बसवलाय.

गेल्या वर्षी तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी मुलाच्या आरसी ट्रकची बॉडी पाठवली. त्यांच्या ट्रॉलीवर अण्णांनीच कधीकाळी नाव लिहिलं होतं, तसंच त्यावर हवं होतं. मी स्टेन्सिल कापायला घेतलं. अण्णांनी ते बाजूला ठेवायला लावलं, चष्मा पुसला आणि बारीक ब्रशने बॉडीच्या आत उलटी अक्षरं काढली, आरसा न घेता. त्यामागची सावली मी एअरब्रशने दिली.

शेवटी बाहेरची फिल्म सोलायची असते. तोवर बॉडी धुरकट, मळकी दिसते आणि फिल्म निघाली की रंग एकदम चकाकून वर येतो. ते काम आता अण्णांचंच. आम्ही घरचे सगळे भोवती उभे राहतो आणि ते कोपऱ्यापासून सावकाश ओढत नेतात.