यलोस्टोनच्या लामार खोऱ्यात फ्लाय फिशिंग : ट्राउट, ग्रिझली आणि जाणाऱ्यांसाठी माहिती

ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं, म्हणजे मी, मेहुणा आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशासाठी फ्लाय फिशिंग करायला, म्हणजे हुकवर बांधलेली नकली माशी पाण्यावर टाकून मासे पकडायला, जाऊन आलो. लामार नदी, स्लू क्रीक आणि सोडा ब्यूट क्रीक (क्रीक म्हणजे ओढा), तीनही पाणी एकमेकांना लागून आहेत आणि तीनही ठिकाणी यलोस्टोन कटथ्रोट हा तिथला मूळचा ट्राउट मिळतो, जबड्याखाली लालभडक रेघ असलेला. तिथं जायचा विचार असलेल्यांसाठी लिहितोय, कारण रॉड आणि रीलबद्दल माहिती हवी तेवढी मिळते, पण अस्वलांच्या मुलखात नदीत उभं राहून मासे कसे पकडायचे हे कुणी नीट सांगत नाही.

आधी परवान्याचं. पार्क वायोमिंगमध्ये असलं, थोडं मोंटाना आणि आयडाहोत असलं तरी पार्कच्या आत राज्याचं लायसन्स चालत नाही आणि लागतही नाही, पार्कचं स्वतःचं परमिट घ्यावं लागतं, 3 दिवसांचं 40 डॉलर, 7 दिवसांचं 55 आणि पूर्ण हंगामाचं 75. ऑनलाइन काढून प्रिंट जवळ ठेवा, खोऱ्यात फोनला रेंज नाही म्हटलं तरी चालेल. हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो, पण लामारला जूनमध्ये जाऊन उपयोग नाही, बर्फ वितळून नदी गढूळ आणि फुगलेली असते. साधारण जुलैच्या मध्यानंतर पाणी निवळतं आणि तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत खरी मजा.

नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. जिवंत आमिष चालत नाही, शिशाचं वजन चालत नाही, हुकला उलटा काटा नको (असेल तर पक्कडीने दाबून टाका), आणि फेल्टच्या (दाट लोकरी कापडाच्या) तळव्याचे, पाण्यात चालायचे वेडिंग बूट 2018 पासून बंद आहेत कारण त्या फेल्टमध्ये ओल राहते आणि त्यातून रोगजंतू आणि बाहेरच्या गोगलगायी एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. रबरी तळव्याचेच घ्या, बुळबुळीत दगडांवर काठी बरोबर असली की काही अडत नाही.

कटथ्रोट पकडला तर सोडायचाच. पण लामार नदीच्या पुलापासून प्रवाहाच्या वरच्या भागात, स्लू आणि सोडा ब्यूटसकट, रेनबो ट्राउट किंवा ओळखू येईल असा रेनबो-कटथ्रोट संकर लागला तर तो मारायचाच, परत सोडायला परवानगीच नाही. पहिल्यांदा ऐकून विचित्र वाटतं, पण रेनबो बाहेरून आणून सोडलेला मासा आहे, तो कटथ्रोटशी संकर करतो आणि हळूहळू शुद्ध कटथ्रोट उरतच नाही. यलोस्टोन तलावात काय झालं बघा, 1994 मध्ये तिथं लेक ट्राउट सापडला, कुणीतरी आणून सोडलेला, त्याने कटथ्रोट खाऊन खाऊन त्यांची संख्या पार खाली आणली. आणि लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, अंडीही तलावातच घालतो, कटथ्रोटसारखा ओढ्यांमध्ये चढत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओढ्यांच्या काठी उभं राहून मासे खाणाऱ्या ग्रिझलींचं, म्हणजे तिथल्या तपकिरी अस्वलांचं, ते खाणंच गेलं आणि त्या भागातली अस्वलं एल्क या मोठ्या हरणाच्या पिल्लांकडे जास्त वळली. एका चुकीच्या माशामुळे एल्कच्या कळपापर्यंत परिणाम. म्हणून जाण्याआधी रेनबो आणि कटथ्रोटमधला फरक फोटो बघून पक्का करून ठेवा, हातात मासा धरून गोंधळ नको.

आता मुख्य गोष्ट. नदीत उभा असलेला मच्छीमार हा अस्वलाला दचकवायला सगळ्यात योग्य माणूस असतो. ट्रेकिंग करणारा बोलत चालतो, पुढे बघतो. आपण मात्र गुडघाभर पाण्यात, पाण्याच्या आवाजात, मान खाली, डोळे त्या तरंगणाऱ्या माशीवर, आणि काठाला दोन्ही बाजूंनी डोक्याएवढी विलोची झुडपं. आपल्याला अस्वलाचा आवाज येत नाही आणि अस्वलाला आपला. त्यात वारा समोरून असला तर वासही पोचत नाही. हल्ले बहुतेक असे अचानक समोरासमोर आल्यानेच होतात. त्यामुळे आम्ही ठरवलं होतं की तिघांतला एक जण कायम काठावर उभा, रॉड खाली, फक्त बघायचं काम, आळीपाळीने. पार्कवालेही तीन किंवा जास्त जणांनी एकत्र राहा असंच सांगतात. वळणावर, दाट झुडपात शिरताना, टाळ्या आणि मोठ्याने हाक. घंटी बांधून फिरू नका, तिचा आवाज फार लांब जात नाही.

आणि गंमत म्हणजे ही बघायची सवय मासे मिळवून देते. कास्ट करायच्या, म्हणजे लाईन फेकायच्या आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, काठ, झुडपं, समोरचा उतार, मग पाणी. स्लू क्रीकच्या पहिल्या कुरणात पाणी इतकं स्वच्छ आणि संथ आहे की घाईने गेलात तर मासे तुम्हाला आधी बघतात. थांबलात तर दिसतं कोण कुठे उभा आहे, काय खातोय, कुठल्या तालात वर येतोय.

पहिल्या कुरणापर्यंत जुन्या घोडागाडीच्या रस्त्याने साधारण 3 किलोमीटर चालावं लागतं, सुरुवातीचा चढ चांगलाच दम काढतो. उंची 6000 फुटांच्या वर, पहिल्या दिवशी हळू जा, पाणी पीत राहा. तिथंच दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर उभ्या मेहुण्याने हळूच हाक मारली, "दाजी, वर बघा." पलीकडच्या उतारावर एक मादी ग्रिझली आणि दोन पिल्लं, मुळांसाठी जमीन उकरत होती, खांद्यावरचा उंचवटा आणि मातीने भरलेली लांब नखं दुर्बिणीतून अगदी स्पष्ट. अंतर भरपूर होतं, पण त्या आमच्याच दिशेने येत होत्या. मी लाईन गुंडाळली, सगळे एकत्र झालो, आणि शांतपणे आल्या वाटेने निघालो. त्या वळणावर एक मोठा कटथ्रोट वर येत होता, त्याला सोडून जावं लागलं, पण ते कुरण त्यांचं आहे. अस्वल आणि लांडग्यापासून किमान 100 यार्ड, म्हणजे साधारण 90 मीटर अंतर ठेवा हा नियमच आहे, बायसन (तिथला गव्यासारखा रानटी प्राणी) आणि एल्कपासून 25 यार्ड. बायसनला हलक्यात घेऊ नका, यलोस्टोनमध्ये प्राण्यांपैकी सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती बायसनमुळे, आणि लामारच्या काठावर कळपच्या कळप नदी ओलांडत असतात. ते आले की आपण बाजूला.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, एका ग्रुपमध्ये एक नाही. विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, तिथं पोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्या. वेडर्स (छातीपर्यंत येणारी जलरोधक पँट) घातले की कमरेचा बेल्ट जॅकेटखाली जातो, म्हणून छातीवरच्या होल्स्टरमध्ये लावा आणि गाडी सोडण्याआधी काढायची, सेफ्टी सरकवायची प्रॅक्टिस करा, खरोखर. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, हळू आवाजात बोलत मागे सरकायचं. अंगावर धावून आलं तर साधारण 10 ते 18 मीटरवर असताना किंचित खाली रोखून फवारा, म्हणजे त्याला त्या ढगातून यावं लागतं. ग्रिझलीने अंगाला हात घातलाच तर पोटावर पालथं पडायचं, पाठीवर सॅक तशीच, हात मानेवर. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मात्र प्रतिकार करायचा. मासा लागलेला असताना अस्वल येताना दिसलं तर टिपेट (माशीला बांधलेली शेवटची बारीक दोरी) तोडून टाका, पाण्यात फडफड होत राहिली तर ते तिकडेच येणार. डबे, सॅक काठावर सोडून लांब जायचं नाही.

साहित्याचं थोडक्यात. 9 फुटी 5 वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा क्रमांक) रॉड तीनही पाण्यांना पुरतो, 9 फुटी लीडर (लाईनच्या पुढची निमुळती दोरी), टिपेट 4एक्स आणि 5एक्स (आकडा मोठा तितकी दोरी बारीक). ऑगस्टमध्ये दुपारी वारा सुटला की कुरणातले नाकतोडे पाण्यात पडतात, तेव्हा काठाला चिकटून नाकतोड्याची माशी टाका, मुंगी आणि भुंग्याच्या माश्याही ठेवा. ढगाळ दिवशी बारीक ब्लू विंग्ड ऑलिव्ह, बाकी पॅराशूट अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या माश्या. वर काहीच येत नसेल तर नाकतोड्याखाली फेझंट टेल निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी माशी. कटथ्रोट अगदी सावकाश वर येतो, तोंड उघडतो, आणि इथं बहुतेकजण घाईने ओढतात आणि माशी तोंडातून निसटते. तो तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबायचं, मग रॉड उचलायचा. मासा हाताळताना हात ओले, मासा पाण्यातच, फोटो हवाच तर क्षणभर वर.

दुपारी वादळ येतं. वीज दिसली की ग्रॅफाइटचा रॉड खाली ठेवून काठावरून, उघड्या कुरणातून बाहेर पडा. आणि लामारच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की नदी चिखलाच्या रंगाची होते, एकदोन दिवस तरी तशीच राहते, अशा वेळी वाट बघत बसू नका, स्लू क्रीक अनेकदा स्वच्छ असतो, तिकडे जा. ईशान्येचा रस्ता जून 2022 च्या पुरात जागोजागी वाहून गेला होता, तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाला. तरी निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या साइटवर रस्ते, अस्वलांमुळे बंद असलेले भाग आणि मासेमारीचे बंद तपासा. कडक उन्हाळ्यात पार्कच्या पश्चिमेकडच्या फायरहोल आणि मॅडिसन या नद्या गरम होतात, फायरहोलला तर जमिनीतून उसळणाऱ्या गरम झऱ्यांचंच (गीझरचं) पाणी मिळतं, मग दुपारपासून तिथं मासेमारी बंद करतात. थर्मामीटर जवळ ठेवा, पाणी 20 डिग्री सेल्सियसच्या वर गेलं की सोडलेला मासाही बरेचदा जगत नाही, तेव्हा आपणच थांबायचं.

मॅडिसनमध्ये न्यूझीलंडच्या बारीक चिखलगोगलगायी आहेत, म्हणून तिथं वापरलेले बूट आणि वेडर्स घासून, धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय लामारमध्ये घालू नका. एकाच ट्रिपमध्ये दोन्हीकडे जायचं असेल तर आधी लामार करा, मॅडिसन शेवटी.