लिब्रेटोंची पेटी: क्रम, किंमत, गंज आणि नावं

सोमवार

लिब्रेटो म्हणजे ऑपेराच्या शब्दांची छापील पुस्तिका. अशा पुस्तिकांची पेटी उघडल्यावर पहिला मोह होतो तो संगीतकारांच्या नावाने गठ्ठे लावण्याचा. मोत्सार्ट इकडे, वॅग्नर तिकडे, लेहारच्या ऑपेरेटा, म्हणजे हलकेफुलके ऑपेरा, खाली. तो आवरायचा. १९३८-३९ मध्ये व्हिएन्ना सोडलेल्या ज्यू कुटुंबाचा संग्रह असेल, तर पुस्तिका ज्या क्रमाने हाती आल्या तो क्रमच पहिली नोंद असते. वरून खाली एकेक उचलायची, मुखपृष्ठाचा आणि मलपृष्ठाचा फोटो घ्यायचा, मऊ शिसपेन्सिलीने शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात हलका क्रमांक घालायचा. बॉलपेन नको, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या तर अजिबात नकोत.

आत काय काय निघतं! तिकिटाचा अर्धा तुकडा, त्या रात्रीच्या कलावंतांची यादी असलेला थिएटरचा कागद, परीक्षणाचं कात्रण. प्रत्येक तुकडा कुठल्या दोन पानांच्या मधे होता ते आधी लिहायचं, मगच बाहेर काढायचा. कात्रण मात्र परत तिथे ठेवायचं नाही. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं आणि कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग कायमचा राहतो.

आपल्याकडे संगीत नाटकाच्या पदांची पुस्तिका थिएटरच्या दाराशी विकत मिळे, तसाच लिब्रेटोचा व्यवहार. छापील शब्द आज कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात सापडतात. या प्रतीचं मोल आहे ते समासातल्या खुणांत आणि मधल्या चिटोऱ्यांत.

मंगळवार

बहुतेक पुस्तिकांवर छपाईचं साल नसतं. लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाच्या स्वस्त मालेतल्या पुस्तिका तर दशकानुदशकं त्याच क्रमांकाने पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, त्यामुळे मालेतला क्रमांक पाहून ही प्रत कधीची ते ठरत नाही. त्याऐवजी मागच्या जाहिराती पाहाव्यात. तिथे ज्या ऑपेराचं नाव आहे तो रंगमंचावर येण्याच्या फार आधी ही प्रत सहसा छापलेली नसते.

व्हिएन्नातल्या छपाईला सगळ्यात चांगली साक्ष किमतीची. क्रॉयत्सर हे जुनं नाणं असेल तर एकोणिसावं शतक. १८९२ ला क्रोन आला, तरी जुनं नाणं काही वर्षं सोबत चाललं. हेलर (क्रोनचे सुटे पैसे) आणि क्रोन म्हणजे त्यापुढचा काळ. किंमत हजारो क्रोनमध्ये असेल, किंवा जुन्या आकड्यावर रबरी शिक्क्याने नवा मारलेला असेल, तर १९२० नंतरची महागाई. १९२५ मध्ये दहा हजार क्रोनचा एक शिलिंग झाला, म्हणून शिलिंग किंवा त्याचे सुटे पैसे, ग्रोशेन, दिसले की १९२५ ते १९३८. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर जर्मन चलन, राइशमार्क. मात्र शिक्का नंतर मारलेला असू शकतो, तेव्हा छापील किंमत आणि शिक्क्याची किंमत वेगळ्या रकान्यांत लिहावी. दुकानदाराकडे पडून राहिलेला जुना माल नव्या भावाने खपत असे.

थिएटरचं नाव दुसरी साक्ष. व्हिएन्नातल्या रिंगश्ट्रास रस्त्यावरच्या ऑपेरागृहाचं उद्घाटन २५ मे १८६९ ला ‘डॉन जोव्हानी’ने झालं, राजदरबाराचं ऑपेरागृह ही ओळख १९१८ ला राजेशाहीबरोबर गेली. कागदावर दिनांक-वार असेल पण साल नसेल, तर वार आणि कलावंतांची यादी स्टाट्सओपरच्या (याच ऑपेरागृहाचं आजचं नाव) प्रयोग-नोंदींशी ताडून पाहता येते. वार जुळला आणि गायक जुळला नाही, तर तो कागद दुसऱ्याच प्रयोगाचा असून नंतर या पुस्तिकेत खोचला गेलेला असण्याची शक्यता जास्त.

गुरुवार

दुरुस्ती. लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडतो, कोपरा दुमडला की तुटतो. त्यात तारेच्या पिना. त्या गंजल्या की गंज कागद खातो आणि मधला ताव सुटून येतो. पीन ओढून काढायची नाही. पुस्तिका मधोमध उघडून पिनेचे वळलेले दोन पाय पातळ बोथट पात्याने सरळ करायचे, पात्याखाली पॉलिस्टर फिल्मचा तुकडा ठेवून. मग बाहेरच्या बाजूने पीन हलकेच उचलायची. जुन्याच भोकांतून लिननच्या दोऱ्याने शिवायचं. भोकं फाटली असतील तर घडीवर आधी जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी, आणि मगच टाके.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची शिजवून गाळलेली खळ, घट्ट आणि अगदी थोडी. पातळ खळीतलं पाणी पसरतं आणि वाळताना कडेला तपकिरी रेघ सोडतं. टिपकागद, वर वजन, पूर्ण वाळेपर्यंत. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी जितकी जुनी कागदपत्रं गेली तितकी कसरीनेही गेली नसतील, असं माझं ठाम मत आहे.

कसरीवरून मुंबई. जर्मन भाषक ज्यू निर्वासित इथेही आले. १९३४ मध्ये आलेले संगीतकार वाल्टर काउफमान पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत होते. असा संग्रह मुंबईत राहिला असेल तर बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळायचं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात इथे ती महिनोन्‌महिने वर असते. आर्द्रतामापक आणि डीह्युमिडिफायर हवाच. डांबराच्या गोळ्या बुरशीला काही करत नाहीत. कीड दिसली तर पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवायच्या आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं.

शुक्रवार

समासातलं हस्ताक्षर. जुन्या पिढीचं लेखन कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतं. तिथला ‘ई’ आपल्याला ‘एन’ वाटतो, ‘यू’वर छोटी कमान असते, ‘एस’ लांबलचक. गायकांची नावं आधी वाचावीत, कारण ती थिएटरच्या यादीशी ताडता येतात. त्यातून त्या हाताची अक्षरं ओळखीची होतात आणि मग शेरे सुटू लागतात. न लागलेलं अक्षर अंदाजाने भरू नये, चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्यावं.

शनिवार

आता मुखपृष्ठावरची नावं. मोत्सार्टच्या तीन इटालियन ऑपेरांचे शब्द लिहिणारा लोरेंत्सो दा पोन्ते जन्माने ज्यू, १७६३ मध्ये बाप्तिस्मा झालेला. त्यांची जर्मन भाषांतरं सुधारणारा वाद्यवृंद-संचालक हेरमान लेवी रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा. नाझी काळात लेवीच्या जागी झीगफ्रीड आनहाइसरची भाषांतरं पुढे आणली गेली. म्हणून त्या तिनांतल्या ‘फिगारो’च्या जर्मन प्रतीत भाषांतरकाराचं नाव नोंदवणं अत्यावश्यक, नुसतं ‘जर्मन’ लिहून भागत नाही.

लेहारच्या ‘दास लांड देस लेखेल्न्स’ (१९२९) या ऑपेरेटाचे एक लेखक फ्रित्झ ल्योनर-बेडा. लेहारच्या ऑपेरेटा नाझी काळातही होत राहिल्या, पण ज्यू लेखकांची नावं कार्यक्रमपत्रिकांवरून गेली. ल्योनर-बेडांना १९३८ मध्ये दाखाउच्या आणि नंतर बुखेनवाल्डच्या छळछावणीत नेलं. ४ डिसेंबर १९४२ ला ते आउश्वित्झ-मोनोवित्झमध्ये मारले गेले. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘दी श्वाइगझामे फ्राउ’ या ऑपेराचा ड्रेस्डेनमधला पहिला प्रयोग २४ जून १९३५ चा. पत्रिकेवरून त्याचे शब्द लिहिणाऱ्या ज्यू लेखकाचं, श्टेफान त्स्वाइगचं नाव गाळलं होतं, श्ट्राउसने ते परत घालायला लावलं, आणि चार प्रयोगांनंतर ऑपेरा बंद झाला. पेटीत या ऑपेराची थिएटरची पत्रिका निघाली, तर त्स्वाइगचं नाव आहे की नाही ते प्रथम पाहायचं.

शेवटचं काम परक्या शिक्क्यांचं. दुसऱ्या घराण्याची ग्रंथमुद्रा किंवा एखाद्या वाचनालयाचा शिक्का दिसला, तर ती जुन्या पुस्तकांच्या दुकानातली खरेदी असू शकते, भेट असू शकते, किंवा लुटीनंतर बाजारात आलेला माल. शिक्का खोडायचा नाही, त्याचा वेगळा फोटो काढायचा, आणि त्या मुद्रेचा माग लागेपर्यंत ती पुस्तिका विकायची किंवा दान द्यायची नाही. कुटुंबाची बाजू पाहायला व्हिएन्नाच्या राज्य अभिलेखागारात १९३८ ची मालमत्ता-जाहीरपत्रं आहेत. पाच हजार राइशमार्कांहून जास्त मालमत्ता असलेल्या ज्यूंना ती भरणं सक्तीचं होतं. तिथे दागिने, रोखे, घरं यांचा तपशील मिळेल. वीस फेनिगच्या पुस्तिकेची नोंद शोधत बसू नये.