रीलले कूलर, माणसाले पंखा: बिझनेस स्कूलच्या निबंधांचा माझा अनुभव

नागपुरात एमबीए म्हटलं की कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा. धरमपेठेपासून रामदासपेठेपर्यंत क्लासच्या पाट्यांवर पर्सेंटाइल झळकत असतात आणि आपल्याकडे समजूत अशी की आकडा आला की काम झालं. त्यामुळे मी एमबीएच्या अर्जासाठी निबंध लिहिते आहे म्हटल्यावर घरात सगळ्यांना हसूच आलं. "निबंध? 'माझा आवडता ऋतू' असा?" भावानं विचारलं. आत्याचा प्रश्न मात्र नेमका होता. "मिहानमध्ये एवढं मोठं आयआयएम उभं आहे, मंग तुले हैदराबादले काहून जायचं?"

आयआयएम नागपूर 2015 मध्ये व्हीएनआयटीच्या आवारात सुरू झालं आणि 2022 मध्ये मिहानमधल्या दहेगावला स्वतःच्या जागेत गेलं. तिथल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कॅट लागते. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. पुरेशी वर्षं नोकरी झाल्यावर दोन वर्षं पगाराविना बसणं जमणारं नव्हतं. एका वर्षाचे पूर्णवेळ पर्याय म्हणजे हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलचा पीजीपी आणि आयआयएमपैकी अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळुरूचा ईपीजीपी, कोलकात्याचा एमबीएईएक्स. इथे जीमॅट किंवा जीआरई या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षांचे गुण चालतात, आणि अर्जात लिहावंही लागतं. आत्याला हे समजावताना लक्षात आलं, की हेच का, इथेच का आणि आत्ताच का, हे तीन प्रश्न बहुतेक स्कूल विचारतात. आत्याच्या तावडीतून सुटले तर निवड समितीपुढेही निभेल, असा धीर आला.

जीमॅटवर फार लिहीत नाही, त्यावर माहितीचा सुकाळ आहे. नोव्हेंबर 2023 पासूनची परीक्षा सव्वादोन तासांची, तीन विभागांची, 205 ते 805 गुणांची. त्यात पूर्वी असलेला निबंध काढून टाकला आहे. म्हणजे उमेदवाराला काय आणि कसं लिहिता येतं, हे कळायला अर्जातले निबंध उरतात.

लिहायला बसण्याआधी जिथे अर्ज करायचा नव्हता त्या स्कूलचेही प्रश्न मी वाचले. स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं विचारतं की तुमच्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि का. हार्वर्ड बरीच वर्षं एकच मोकळा प्रश्न द्यायचं. 2024 मध्ये त्यांनी त्याचे तीन छोटे निबंध केले, एक 300 शब्दांचा आणि दोन 250 चे. आयएसबीचे साधारण 400 शब्दांचे, आणि प्रश्न बदलत राहतात, म्हणून जुन्या यादीवर विसंबू नये. चार-पाच स्कूलचे प्रश्न शेजारी ठेवले की कळतं, सगळ्यांना तुम्ही घेतलेला एखादा निर्णय बघायचा आहे. पदकं आणि पदं बायोडेटात असतातच.

मधल्या काळात एका सल्लागाराशीही बोलून पाहिलं. त्यांनी 'पॅकेज' सांगितलं आणि नमुन्यादाखल तीन निबंध पाठवले. तिन्हींत कुणीतरी लहानपणी आजोबांकडून नेतृत्व शिकलं होतं. माझे आजोबा महालात किराणा दुकान चालवायचे आणि उधारी वसूल करायला आजीला पाठवायचे. पॅकेज घेतलं नाही.

फुकटात मिळाला तो मामा. मामा सीए आहे, इन्कम टॅक्सच्या स्क्रुटिनीच्या केसेस बघतो, आणि वाचायची त्याची सवयही तीच. माझा पहिला मसुदा त्यानं खर्चाची वही तपासावी तसा तपासला. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचा, "याचं व्हाउचर?" म्हणजे हे वाक्य कुणी खोदून विचारलं तर त्याच्यावर दहा मिनिटं बोलता येईल का? 'मी संघाला प्रेरित केलं', व्हाउचर नाही, कटाप. 'ग्राहककेंद्री दृष्टिकोन', कटाप. 'आउट ऑफ द बॉक्स विचार' या शब्दांवर तर तो मनसोक्त हसला. "खोक्याच्या कारखान्यात आहेस म्हणून का गं?" पान रिकामं झालं. शिल्लक राहिली ती मे महिन्यातल्या रिजेक्शनची हकीकत, तीही जेमतेम चार ओळींची.

हकीकत अशी. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. पुठ्ठा ज्या तपकिरी कागदाचा बनतो त्या क्राफ्ट पेपरमध्ये साधारण 7-8 टक्के ओल असली तर पुठ्ठा नीट दुमडतो. आमच्या रील, म्हणजे या कागदाच्या मोठ्या गुंडाळ्या, पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या, मॉइश्चर मीटर पाचच्याही खाली दाखवायचा. कागद इतका सुकला की क्रीजिंगच्या, म्हणजे दुमडण्यासाठी दाबून पाडलेल्या रेषेवर वरचा थर फाटतो. खोक्याचं झाकण, म्हणजे फ्लॅप, दुमडताना पापड मोडल्याचा आवाज येतो आणि रेषेवर भेग पडते. ग्राहकानं अख्खी गाडी परत पाठवली. डिस्पॅचवाले म्हणत होते पेपरच खराब आला, पुरवठादार बदला. महिनाअखेर तोंडावर होती.

यात मी नेमकं काय केलं, हे आठवायला मी मशीनवरच्या ऑपरेटरदादांकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. त्यांना मसुद्यातला मजकूर मराठीत सांगितला, की मी समस्येचं मूळ शोधून काढलं वगैरे. त्यांनी मान हलवली.

"तसं नाही म्याडम. तुम्ही त्या दिवशी फ्लॅप कानापाशी धरून मोडला. मंग मले इचारलं, दादा, रात्रपाळीतही असाच कडकडते का? मी म्हनलं, नाही, रात्री चांगला दुमडते. थे लिहा न."

माझ्या लेखी तो प्रश्न इतका साधा होता की मी तो विसरूनच गेले होते. पण निबंध तिथेच होता. रात्री हवेत थोडी ओल परत येते, तोच पेपर रात्री नीट वागतो, मग दोष पुरवठादाराचा कसा? त्यावरून पुढचे निर्णय झाले: क्रीजिंग पहाटेच्या पाळीत हलवायचं, रीलचं प्लास्टिकचं आवरण मशीनवर चढवेपर्यंत काढायचं नाही, आणि रीलच्या गोदामात मोठे डेझर्ट कूलर बसवायचे. कूलर हवा ओली करतो, हे नागपूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. मालकांनी कूलर लगेच मंजूर केले.

आणि मग पेस्टिंगच्या, म्हणजे खोकी चिकटवायच्या टेबलावरून एक आवाज आला, "वा रे वा! रीलले कूलर न माणसाले पंखा!"

हे वाक्य निबंधात ठेवायचं की नाही, यावर आमच्याकडे बरीच चर्चा रंगली. भावाचं म्हणणं, स्वतःच्या यशाच्या गोष्टीत खिळा कशाला ठोकायचा? मामा म्हणाला, अख्ख्या पानात खणखणीत व्हाउचर याचंच आहे. मी ठेवलं. पुढे काय झालं तेही लिहिलं: पेस्टिंगची टेबलं गोदामाच्या गार बाजूला हलवता आली, मशीनवरच्या लोकांसाठी कूलर मात्र त्या उन्हाळ्यात मंजूर झाले नाहीत. मालकांनी सरळ विचारलं होतं, "यातून परत काय मिळणार?" रीलच्या बाबतीत माझ्याकडे रिजेक्शनचा आकडा होता. माणसांच्या बाबतीत मी नुसती तळमळीनं बोलत होते.

'एमबीए का' या दुसऱ्या निबंधाची गाठ इथे सुटली. तोवर त्यात 'जागतिक दृष्टी' आणि 'व्यवस्थापकीय कौशल्यं' यांचीच गर्दी होती. आता साधं लिहिता आलं: कारखान्यात कुठे काय अडतंय ते मला दिसतं, पण पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुढे ते त्यांच्या हिशेबात मांडता येत नाही, ते शिकायचं आहे. अभ्यासक्रमातल्या फायनान्स आणि ऑपरेशन्सच्या विषयांशी हे आपोआप जोडलं गेलं. प्राध्यापकांची नावं पेरून निबंध सजवायची गरज पडली नाही.

पुढच्या दहा वर्षांच्या स्वप्नाचं तसंच. आधी पॅकेजिंगमधली मोठी कंपनी, ऑपरेशन्समधली नोकरी. नंतर विदर्भातल्या फळांसाठी खोकी. हे मनातलंच होतं. आमचं संत्रं सैल सालीचं, दाबलं की गेलं, आणि नागपुरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारात आजही ढीगच्या ढीग उतरताना दिसतात. काटोल-वरूडकडचे बागायतदार क्रेट, लाकडी पेटी, पुठ्ठ्याचं खोकं यांतलं काय का निवडतात, हे मी एका रविवारी कळमन्यात उभं राहून विचारत बसले. एका अडत्यानं दिलेलं उत्तर निबंधात जसंच्या तसं गेलं: खोकं चांगलंच आहे, पण क्रेट परत येतो आणि खोकं परत येत नाही, त्याचे पैसे कोण देणार? माझी योजना इथे अडेल हे मीच लिहून टाकलं. आपली योजना कुठे अडेल हे आपणच सांगितलं की उरलेल्या योजनेवर विश्वास बसतो, असं माझं मत आहे. सगळ्यांना पटेलच असं नाही.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. इंग्रजीत सुरुवात केली की मी ऑफिसच्या ई-मेलसारखं लिहायला लागते. म्हणून गोष्ट आधी मराठीत, फोनवर रेकॉर्ड करून सांगितली आणि ऐकत ऐकत इंग्रजीत उतरवली. 400 शब्दांत बसवताना सगळ्यात आधी विशेषणं गेली, मग कंपनीची ओळख (ती बायोडेटात आहे), मग शेवटचा 'यातून मी शिकले' हा परिच्छेद. आकडे मात्र सोडले नाहीत. मीटरवरचा आकडा, पारा, पाळीची वेळ. चॅटजीपीटीलाही मसुदा दाखवला होता. त्यानं कूलरचं वाक्य काढून तिथे 'कर्मचाऱ्यांच्या कल्याणाविषयी सजगता' असं घातलं. मामानं ते वाचलं असतं तर माझी खैर नव्हती.

शिफारसपत्राचा मामला वेगळाच. आपल्याकडे साहेब हमखास म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." माझेही म्हणाले, आणि मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण शिफारस करणाऱ्याला स्वतंत्र लिंक जाते, त्यांनी स्वतः लिहायचं असतं, आणि दोन्हीकडची भाषा एकच निघाली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. मी त्यांना एक पान दिलं, पत्र नव्हे: आपण कोणत्या कामांत बरोबर होतो, कधी, आणि कुठे आपलं जमलं नाही. शेवटची यादी बघून साहेब खुलले. दोन प्रसंग तर मी दिलेच नव्हते, ते त्यांचे त्यांना आठवले.

मुलाखतीत मला जीमॅटबद्दल एक शब्दही कुणी विचारला नाही. कॉलेजातल्या गुणांवर एक प्रश्न, नागपूरवर एक हलकाफुलका, आणि बाकी सगळा वेळ कूलर. रीलसाठीचा खर्च मंजूर झाला, माणसांसाठीचा नाही. आज परत मांडायचा असेल तर कसा मांडाल? मी दुपारच्या पाळीतल्या गैरहजेरीपासून सुरुवात केली, मग मशीनचा वेग, मग उन्हाळ्यात नवीन माणूस शिकवायला लागणारा वेळ. एकानं मध्येच अडवलं, "आणि आकड्यांतून फायदा दिसला नाही तर? मग कूलर नकोत?" मी म्हणाले, तरीही हवेत, पण मग तो खर्च फायद्याच्या नव्हे तर पगाराच्या खात्यात धरावा लागेल. त्यावर त्यांचं आपसातच जुंपलं आणि मी पाणी प्यायले. मामाची दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

एका ठिकाणी प्रवेश मिळाला, दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. निबंधांचा दर्जा दोन्हीकडे सारखाच होता, त्यामुळे निबंध चांगला म्हणजे प्रवेश पक्का, असं काही मी सांगणार नाही.

आता ओळखीतली पोरं निबंध मागतात. ते मी देत नाही. रीलच्या गोदामाची गोष्ट दुसऱ्याला काय कामाची? पण रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊ घालणार असाल तर तासभर उलटतपासणी घ्यायला मी तयार असते, जूनमध्ये हैदराबादला जाईपर्यंत तरी. मसुदा छापून आणा, मोबाइलवर नको, मला खोडायला कागद लागतो. मामाही येईन म्हणतोय, पण त्याला जास्त तर्री लागते.